डिव्हिडंडवर कंपनीने टॅक्स भरलेला असतो, मग आईच्या खात्यातून परत का कापला?

प्रश्न लांबलचक होता म्हणून आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कराडला आई, वय 68, बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांच्या डीमॅटमधले शेअर आता आईच्या नावावर झालेत. आईला महिन्याला 28,000 फॅमिली पेन्शन, एकाच बँकेतल्या एफडीचं व्याज वर्षाला 1 लाख 60 हजार, आणि डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून शेअरधारकांना देते तो वाटा) सगळा मिळून 64,000. त्यातल्या एका कंपनीचे 15,000 यायला हवे होते, पासबुकात आले 13,500. प्रश्न विचारणारा मुलगा पुण्यात नोकरीला, पगार 18 लाख, त्याचा स्वतःचा डिव्हिडंड 22,000. बायको गृहिणी, तिला टॅक्स नाही म्हणून याने 4 लाख तिच्या खात्यात टाकून तिच्या नावाने शेअर घेतले, तिकडून 14,000. त्याचं म्हणणं असं की साबणाच्या वडीवर कशी 'सर्व करांसहित' किंमत छापलेली असते, तसा कंपनी टॅक्स भरून उरलेलाच डिव्हिडंड वाटते, मग परत आमच्याकडून कसला घेता? शिवाय '600 टक्के डिव्हिडंड' देणाऱ्या कंपनीत पैसे टाकावेत का, आणि बाबांच्या कपाटात सापडलेल्या कागदी सर्टिफिकेटांचं काय करायचं.

तर पहिलं उत्तर, आईचे 1,500 कुठे जात नाहीत, रिटर्न भरलं की परत येतील. आणि तुमचा जो डिव्हिडंड तुम्ही टॅक्समुक्त धरून बसलाय, त्यावर तुम्हालाच अजून भरायचंय. दोन्ही गोष्टी एकाच नियमातून येतात.

तुमचं ते साबणाचं उदाहरण खरं तर एकदम बरोबर आहे, फक्त जुनं झालंय. 31 मार्च 2020 पर्यंत अगदी तसंच होतं. कंपनीला शंभर रुपये डिव्हिडंड वाटायचा असेल तर त्याच्यावर साधारण 20 रुपये 56 पैसे डिव्हिडंड डिस्ट्रिब्युशन टॅक्स सरकारला वेगळा भरावा लागायचा, आणि मग ते शंभर रुपये तुमच्या हातात टॅक्समुक्त. फक्त वर्षाला 10 लाखांच्या वर डिव्हिडंड मिळवणाऱ्यांना शेवटची काही वर्षं वरच्या रकमेवर 10 टक्के भरावे लागायचे, पण तेवढा डिव्हिडंड आपल्यापैकी कितीजणांना येतो. आता साबण कोणीही घेतला, कलेक्टरने घेतला की त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी घेतला, आतला जीएसटी दोघांना सारखाच. जुन्या पद्धतीत डिव्हिडंडचं हेच व्हायचं. तुमच्या आईसारखी बाई, जिचा टॅक्स शून्य आहे, तिच्या वाट्याचा टॅक्सही कंपनी परस्पर भरून मोकळी व्हायची, आणि तो तिला कधीच परत मिळायचा नाही, कारण कागदोपत्री तो तिचा टॅक्सच नव्हता.

1 एप्रिल 2020 पासून ते बंद झालं. आता डिव्हिडंड ज्याला मिळतो त्याच्या उत्पन्नात धरायचा, 'इतर उत्पन्न' या सदराखाली, आणि त्याच्या त्याच्या स्लॅबप्रमाणे, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्याला जो दर असेल त्याने टॅक्स. म्हणजे हा बदल आईच्या फायद्याचा आणि तुमच्या तोट्याचा झाला, एकाच घरात. लोक सरसकट 'सरकारने डिव्हिडंडवर टॅक्स लावला' म्हणून ओरडतात, पण कमी उत्पन्नवाल्या म्हाताऱ्या माणसांचं यात भलंच झालंय असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण एवढीच की ते भलं पदरात पाडून घ्यायला रिटर्न भरावं लागतं, आणि 'आमच्या आईला कसला टॅक्स' म्हणून कोणी भरत नाही.

दोनदा टॅक्स लागतो ही तुमची तक्रार मात्र खोटी नाही. कंपनीने नवीन 22 टक्केवाला दर घेतला असेल तर सरचार्ज सेस धरून 25.17 टक्के होतात. म्हणजे 100 रुपये नफ्यातले 74 रुपये 83 पैसे उरले, ते सगळे वाटले असं धरा. आईचा टॅक्स शून्य, तिला पूर्ण 74.83. तुमचा स्लॅब 20 टक्के, सेस धरून 20.8, तुमच्याकडे उरतात 59 रुपये 27 पैसे. 30 टक्केवाल्याला 51 रुपये 48 पैसे. कंपनीने नफ्यावर भरलेला तो कंपनीचा टॅक्स, तुम्ही भरताय तो तुमच्या उत्पन्नावरचा, कायद्याच्या नजरेत माणसं दोन. पटो न पटो, आहे ते असं आहे.

आता ते 1,500. हा टॅक्स नव्हे, टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून तुमच्या नावाने सरकारकडे भरलेली रक्कम. एका आर्थिक वर्षात एका कंपनीकडून 10,000 च्या वर डिव्हिडंड गेला की कंपनीला 10 टक्के कापूनच द्यावा लागतो. ही मर्यादा आधी 5,000 होती, 1 एप्रिल 2025 पासून 10,000 झाली. 15,000 वर 10 टक्के 1,500, म्हणून पासबुकात 13,500. पॅन आधारला लिंक नसल्यामुळे बंद पडलं असेल तर 20 टक्के कापतात, आईचं ते एकदा बघून घ्या, या वयातल्या बऱ्याच जणांचं राहिलेलं असतं. बाकीच्या कंपन्यांचे प्रत्येकी दहा हजारांच्या आत होते म्हणून कापले नाहीत. कापले नाहीत याचा अर्थ ते टॅक्समुक्त आहेत असा अजिबात नाही. 'टीडीएस कापला नाही म्हणजे दाखवायची गरज नाही' हे वाक्य मी दर सीझनला इतक्यांदा ऐकतो की आता नुसतं एआयएस (आयकर पोर्टलवरचं तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या नोंदींचं पत्रक) उघडून स्क्रीन त्यांच्याकडे फिरवतो. दहा शेअरवर आलेले पंचाहत्तर रुपयेसुद्धा तिथे कंपनीच्या नावानिशी दिसतात, कारण कंपन्या डिव्हिडंडची माहिती आयकर खात्याला वेगळी पाठवतात. फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे टीडीएसच्या नोंदींच्या उताऱ्यात, फक्त जिथे कापलंय तेवढंच दिसतं, म्हणून तो बघून रिटर्न भरू नका, एआयएस बघा.

आणि रिटर्नमध्ये आकडा टाकताना 15,000 टाकायचा, 13,500 नाही. हे बारीक वाटतं पण इथेच घोळ होतो. पासबुक घेऊन बसलं की हातात आलेली रक्कम डोळ्यासमोर असते, ती बेरीज करून टाकतात, मग एआयएसशी जुळत नाही आणि मेसेज येतो की तुमच्या माहितीत फरक आहे. कापलेले 1,500 हे तुमच्याच उत्पन्नातून तुमच्याच नावाने भरलेले पैसे आहेत, त्यामुळे उत्पन्न पूर्ण दाखवायचं आणि टीडीएसच्या रकान्यात 1,500 चं क्रेडिट घ्यायचं.

आईचा हिशोब करून टाकू, आर्थिक वर्ष 2025-26 चा. फॅमिली पेन्शन 28,000 गुणिले 12, म्हणजे 3,36,000. लक्षात घ्या, फॅमिली पेन्शनला पगारवाल्यांचं 75,000 चं स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. बाबांची स्वतःची पेन्शन असती तर मिळालं असतं, फॅमिली पेन्शन 'इतर उत्पन्ना'त जाते आणि तिथे नवीन रेजिममध्ये (नवीन करपद्धतीत) एक तृतीयांश किंवा 25,000 यातलं कमी ते वजा होतं. राहिले 3,11,000. त्यात एफडीचे 1,60,000 आणि डिव्हिडंड 64,000, एकूण 5,35,000. पहिल्या 4 लाखांवर काही नाही, वरच्या 1,35,000 वर 5 टक्क्यांनी 6,750. आणि उत्पन्न 12 लाखांच्या आत असल्यामुळे ते सगळे रिबेटमध्ये माफ. टॅक्स शून्य. जुन्या रेजिममध्येही योगायोगाने शून्यच येतो, तिथे फॅमिली पेन्शनला 15,000 आणि ज्येष्ठ नागरिकांना व्याजावर 50,000 ची वजावट धरली की 4,95,000 होतात, पाच लाखांच्या आत. पण पाच हजारांनी वाचतोय, उद्या एफडीचा दर जरा वाढला की गेलं. नवीनच ठेवा. आणि ती 50,000 ची वजावट फक्त व्याजावर असते, डिव्हिडंडवर नाही, ते लोक हमखास एकत्र करतात.

आता बँकेनेही कापलेलं असणार. ज्येष्ठांसाठी एका बँकेत व्याज वर्षाला 1 लाखाच्या वर गेलं की टीडीएस आहे, म्हणजे 1,60,000 वर 16,000. तुम्ही 1,500 साठी भांडताय आणि तिकडे 16,000 अडकलेत! रिटर्न भरलं की दोन्ही मिळून 17,500 आईच्या खात्यात, फक्त रिफंडसाठी आयकर पोर्टलवर तिचं बँक खातं आधी प्रीव्हॅलिडेट, म्हणजे पडताळून घ्या, आणि रिटर्न भरल्यावर तीस दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय (ओटीपीने पक्कं) करा. तिचा मोबाईल नंबर आधारला जोडलेला नसेल तर तिथेच गाडी अडते, आणि तो नंबर बऱ्याचदा बाबांचा बंद पडलेला असतो, तर ते काम सगळ्यात आधी.

पुढच्या वेळी कापूच नये असं वाटत असेल तर वर्षाच्या सुरुवातीला ज्येष्ठ नागरिकांचा डिक्लरेशन फॉर्म द्यायचा, आत्तापर्यंत 15एच म्हणायचो. बँकेत एकदा दिला की बँकेचं झालं, पण कंपन्यांचं तसं नाही, प्रत्येक कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (शेअरधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) वेगळा अपलोड करावा लागतो, केफिन, एमयूएफजी इनटाइम वगैरे जे कोणी असेल ते. 1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे नंबर सगळे बदललेत, त्यामुळे मागच्या वर्षीची झेरॉक्स पाठवू नका, त्यांच्या साइटवरचा चालू नमुनाच घ्या. खरं सांगू का, आईच्या केसमध्ये दहा हजारांच्या वर एकच कंपनी आहे, तेवढ्या एकीला द्या, बाकी सोडा.

आता तुम्ही. पगार 18 लाख, 75,000 वजा, 17,25,000. नवीन रेजिमला 16 ते 20 लाखांत 20 टक्के. डिव्हिडंड त्याच्या वर चढतो, म्हणजे त्याचा प्रत्येक रुपया 20 टक्क्यांत. आणि बायकोचे 14,000 सुद्धा तुमच्याच उत्पन्नात येणार. हो, शेअर तिच्या नावावर आहेत, डीमॅट तिचं, बँक तिची, पॅन तिचं, तरी. नवऱ्याने बायकोला पैसे दिले की त्याच्यावर गिफ्ट टॅक्स नाही हे तुम्ही बरोबर वाचलंय, पण त्या पैशांतून घेतलेल्या शेअरचं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात जोडायचं असतं, याला क्लबिंग म्हणतात, आणि ते शेअर तिने विकले तर नफाही तुमच्याकडेच येतो. तिच्या स्वतःच्या कमाईतून किंवा तिच्या माहेरून आलेल्या पैशांतून घेतले असते तर तिचे. आणि त्या 14,000 ची तिने पुढे काही गुंतवणूक केली तर त्यावर जे मिळेल ते तिचं. हेच पैसे तुम्ही आईला दिले असते तर क्लबिंग नव्हतं, कायद्यात ते बायकोला, सुनेला आणि अज्ञान मुलांना लागतं, आईवडलांना नाही. तिचं उत्पन्न साडेपाच लाखांच्या आसपास, रिबेटला भरपूर जागा. फक्त पैसे आईला दिले म्हणजे खरंच तिचे झाले, उद्या बहीणभावंडं असतील तर वाटणीत ते येणार, तो विचार टॅक्सच्या आधी करा.

तर 22,000 अधिक 14,000, 36,000 वर 20 टक्के 7,200, सेस धरून 7,488. तुमचा टीडीएस कुठे कापला गेला असेल तर तेवढा वजा करा. राहिलेला टॅक्स 10,000 च्या आत असल्यामुळे ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायचा टॅक्स) आणि त्याच्या व्याजाचं लफडं नाही, रिटर्नच्या वेळी चलन भरून टाका. पुढच्या वर्षी एचआरला इतर उत्पन्न आधीच कळवलंत तर ते पगारातून थोडं थोडं कापत जातील, तेही चालतं. आईला तर ॲडव्हान्स टॅक्सचा प्रश्नच नाही, धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना तो लागत नाही. तुमचं रिटर्न आयटीआर 2 मध्ये भरा, तिथे दुसऱ्याचं उत्पन्न जोडायला वेगळा तक्ता आहे, आणि डिव्हिडंड तिमाहीप्रमाणे फोडून विचारतात, 15 जूनपर्यंत किती, 15 सप्टेंबरपर्यंत किती असं, त्यासाठी तारखा एआयएसमधून मिळतील.

या डिव्हिडंडमधून ब्रोकरेज, डीमॅटचे वार्षिक चार्जेस, सल्लागाराची फी असलं काही वजा होत नाही. 2025-26 पुरतं बोलायचं तर शेअर घ्यायला कर्ज काढलं असेल तर त्याचं व्याज, तेही डिव्हिडंडच्या 20 टक्क्यांपर्यंतच.

आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांसाठी दोन ओळी जादा. 2025 च्या शेवटी इन्फोसिसने 1,800 रुपयांनी बायबॅक केला, म्हणजे स्वतःचेच शेअर लोकांकडून परत घेतले, त्यात शेअर गेले असतील तर 2025-26 मध्ये आलेली पूर्ण रक्कम डिव्हिडंड म्हणून धरायची आहे, नफा नाही, पूर्ण रक्कम. मूळ खरेदी किंमत भांडवली तोटा म्हणून वेगळी दाखवून पुढे आठ वर्षं नेता येते. आणि कंपनीने अमेरिकन शेअर दिलेले असतील तर त्याचा डिव्हिडंड तिकडे 25 टक्के कापून येतो, तो इकडे पूर्ण दाखवायचा, कापलेल्याचं क्रेडिट घ्यायला फॉर्म 67 आधी भरायचा, आणि परदेशी मालमत्तेचा तक्ता कितीही छोटी रक्कम असली तरी भरायचा. हा तक्ता विसरणं महाग पडतं.

आता ते 600 टक्के. डिव्हिडंडची टक्केवारी ही शेअरच्या दर्शनी किमतीवर (शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवर) असते, बाजारभावावर नाही. दर्शनी किंमत 1 रुपया असेल तर 600 टक्के म्हणजे 6 रुपये, आणि शेअर 900 ला असेल तर तुम्हाला मिळाले पाऊण टक्क्यापेक्षाही कमी. आयटीसीची दर्शनी किंमत 1 रुपया, 2024-25 साठी त्यांनी एकूण 14 रुपये 35 पैसे दिले, म्हणजे म्हणायला 1,435 टक्के, आणि शेअर चारशेच्या वर होता, म्हणजे खरे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. उलटं बघायचं तर एमआरएफ. दर्शनी किंमत 10, अंतरिम डिव्हिडंड 3 रुपये जाहीर करतात, म्हणजे 30 टक्के, ऐकायला किती छान, आणि शेअरचा भाव लाखाच्या पुढे. बाजारात भाजी घेताना पावशेराचा भाव किलोचा समजून कोणी घेत नाही, इथे मात्र शिकलेली माणसंही टक्के बघून उडी मारतात. प्रतिशेअर रुपये भागिले आजचा भाव, एवढंच करायचं, बाकी हेडलाइन सोडून द्या.

आणि रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी शेअर ज्याच्या नावावर त्याला डिव्हिडंड) आदल्या दिवशी घेऊन डिव्हिडंड खिशात घालायचा आणि विकून मोकळं व्हायचं ही आयडिया फुकटची नाही. आता सेटलमेंट एका दिवसात होतं, त्यामुळे रेकॉर्ड डेट आणि एक्स डेट (ज्या दिवसापासून घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) बहुतेक एकाच दिवशी येते, आणि त्या दिवशी भाव साधारण डिव्हिडंडएवढा खाली उघडतो. 6 रुपये मिळाले, शेअर 6 रुपयांनी उतरला, आणि त्या सहावर तुम्ही 20.8 टक्के भरले म्हणजे हातात 4 रुपये 75 पैसे. विकताना जो तोटा झाला तो फक्त भांडवली नफ्याला, म्हणजे दुसरे शेअर किंवा मालमत्ता विकून झालेल्या नफ्याला लागतो, डिव्हिडंडमधून वजा होत नाही. कंपनी चांगली आहे, पाच दहा वर्षं ठेवायची आहे, तर घ्या, डिव्हिडंड येत राहील. नुसत्या डिव्हिडंडसाठी तुमच्या स्लॅबला तरी मी सांगणार नाही. आईसाठी विचाराल तर तिच्याकडे आहेत ते राहू देत.

कागदी सर्टिफिकेटं राहिली. ती फाडू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका, फोटो काढून ठेवा, फोलिओ नंबर वाचता येईल असे. कंपनीचं नाव बदललेलं किंवा दुसरीत विलीन झालेलं असण्याची शक्यता मोठी आहे, आधी ते शोधा, मग तिचा आत्ताचा रजिस्ट्रार कोण ते बघून त्याला फोलिओ नंबर घालून पत्र लिहा की किती शेअर शिल्लक आहेत आणि कुठला डिव्हिडंड न वटलेला आहे. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतलाच नाही तर तो पैसा आणि पाठोपाठ ते शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ फंडात (गुंतवणूकदारांचे न मागितलेले पैसे ठेवायच्या फंडात) जातात. गेले म्हणजे बुडाले नाहीत, वारसाला परत मागता येतात, आयईपीएफच्या साइटवर बाबांच्या नावाने शोधता येतं आणि फॉर्म भरायला सरकारी फी नाही. वेळ मात्र लागतो, कागदपत्रं परत परत मागतात. गावोगावी टक्केवारीवर हे काम करून देणारे फिरतात, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला त्यांची गरज नाही.

फंडात गेले नसतील तर काम सोपं आहे, मृत्यूचा दाखला, आईचं केवायसी, वारसाचे कागद देऊन आधी शेअर तिच्या नावावर आणि डीमॅटमध्ये. कागदी शेअरची रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमात कागद कमी लागतात, बाकीच्या वारसांची नाहरकत मात्र लागते, म्हणजे तुमची आणि बहीण असेल तर तिचीही सही. तोपर्यंत बाबांच्या पॅनवर टीडीएस पडत असेल तर तो आईच्या रिटर्नमध्ये आपोआप येणार नाही, त्यासाठी पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून बाबांच्या नावाचं बघावं लागेल. म्हणून एआयएस उघडताना आईचं उघडाल तेव्हा बाबांच्या पॅनचं 26एएसही एकदा तपासा, काही पडलंय का.